पेनॉब्स्कॉट नदी व तिचे परतलेले मासे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोंकास मेन नांवाचें संस्थान आहे. त्यांतून पेनॉब्स्कॉट ही नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या कांठीं त्याच नांवाचे मूळ रहिवासी पुरातन काळापासून राहत आले आहेत. १६८८ च्या सुमारास थुरी नामक फ्रेंच धर्मगुरूंनीं त्यांच्यामध्यें मिशन स्थापिलें. नदींतील इंडियन आयलंड या बेटावर संत आनेचें ख्रिस्तमंदिर आजहि उभें आहे. म्हणून ही हकीकत वाचकांनीं अगदींच परक्यांची मानूं नये.

समुद्रांत वाढावें आणि अंडीं घालण्यासाठीं गोड्या पाण्यांत चढावें, असा कित्येक माशांचा नेम असतो. सामन, शॅड व एलवाइफ हे या नदींतले असे मुख्य मासे होत. पैकीं शॅड हा आपल्याकडील पाला माशाचा दूरचा सोयरा, आणि एलवाइफ वीतभराहून थोडा मोठा. १८३० च्या सुमारापासून लाकूड कापण्याच्या गिरण्यांसाठीं, व पुढें विजेसाठीं, नदीवर आडवीं धरणें पडलीं. कांहीं धरणांस माशांकरितां पायऱ्यांच्या वाटा ठेविल्या होत्या. पण शॅड त्या चढेना. १९१२ पासून, मध्यें खंड पडत, हंगामांतील पहिला सामन राष्ट्राध्यक्षांस नजर करण्याची चाल होती. तीहि १९९२ नंतर मोडली.

१९८० च्या कायद्यानें पेनॉब्स्कॉट लोकांचा आपल्या राखीव प्रदेशांत उदरनिर्वाहापुरती मासेमारी करण्याचा हक्क मान्य झाला. परंतु नदींत मासाच नसेल, तर तो हक्क घेऊन करावयाचें काय? कागदावर हक्क देऊन पाण्यांत कांहींच न देणें, ही जगांतील दुबळ्यांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे.

२००४ सालीं पेनॉब्स्कॉट लोक, निसर्गरक्षक मंडळ्या, सरकार आणि वीज कंपनी यांच्यांत करार झाला. तीन धरणें विकत घ्यावयाचीं, समुद्राजवळचीं दोन पाडावयाचीं, तिसऱ्यास वळसा घालणारा ओढा खोदावयाचा. आणि कंपनीनें उरलेल्या धरणांवर अधिक वीज काढून तूट भरून काढावयाची. धरणांची किंमत सुमारें २ कोटी ४० लक्ष डॉलर पडली. ग्रेट वर्क्स धरण २०१२ सालीं पाडण्यास आरंभ झाला, व्हीझीचें २०१३ सालीं, आणि हाउलंडचा ओढा २०१६ सालीं पुरा झाला. मिलफोर्डचें धरण मात्र राहिलें. तेथें माशांना पाण्यासकट उचलून वर सोडणारा पाळणा २०१४ सालीं बसविला.

तथापि केवळ धरण फोडल्यानें मासे येत नाहींत. एलवाइफ ज्या तळ्यांत जन्मला, तेथेंच तीन-चार वर्षांनीं परततो. जेथें पिढ्यान् पिढ्या कोणी जन्मलेंच नाहीं, तेथें परतणार कोण? म्हणून मोठे मासे गाड्यांतून नेऊन तळ्यांत सोडले, आणि लहान ओढ्यांवरील अडथळे व अरुंद मोऱ्याहि मोकळ्या केल्या. हें काम दिसावयास क्षुल्लक, पण माझ्या मतें सर्व कार्याचें मर्म येथेंच आहे. पूर्वीं कांहीं हजारांवर असलेली एलवाइफ व त्याच्या भाऊबंदांची संख्या २०१८ सालीं २० लक्षांच्या आणि २०२३ सालीं ५० लक्षांच्या पुढें गेली. गरुड व कैकर पुन्हां नदीवर घिरट्या घालूं लागले. अभ्यासकांचें म्हणणें असें कीं, भक्षकांचें पोट या लहान माशांनीं भरलें म्हणजे समुद्राकडे निघालेलीं सामनचीं पिल्लें वाचतात.

सामनची गोष्ट वेगळी. येथील सामन २००९ पासून नाशाच्या भयांतील प्राण्यांच्या यादींत आहे. २०२३ सालीं दीड हजारांहून अधिक सामन वर आले, तरी त्यांतील बहुतेक सरकारी उबवणींतून सोडलेल्यांपैकीं होते. पेनॉब्स्कॉट लोकांनीं १९८८ सालीं विधीसाठीं दोन सामन धरले, आणि त्यानंतर हक्क असूनहि स्वेच्छेनें हात आवरला.