प्रयोगशाळेबाहेरची माणसे

आमच्या मोहगावाकडे केरसुणीला फडा म्हणतात. शब्द साधा आहे, पण आमच्या घराला तो एकदा फार महागात पडला. धाकटा भाऊ पहिलीत होता तेव्हा शाळेत कोणी साहेब चित्रांची पुठ्ठी घेऊन आले. एकेक चित्र दाखवून हिंदीत विचारत, 'यह क्या है?' भाऊ म्हणाला, 'फडा.' साहेबांना हवा होता 'झाड़ू'. पुढच्या दोन-तीन चित्रांचीही हीच गत झाली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि 'बच्चा मंद है, ध्यान देना' असा निरोप घरी आला. माय ते वर्षभर विसरली नाही. नवसही बोलली. पोट्ट्याला मात्र काही कळले नव्हते, ते मजेत गोट्या खेळत होते.

ही पुठ्ठी आली कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून बसला. पुढे वाचनाचा नाद लागला आणि शोध घेता घेता मी पॅरिसपर्यंत गेलो. तिथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीची पहिली मोजपट्टी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना निराळे, काळजीने शिकवावे, एवढाच तिचा हेतू होता. कोणावर शिक्का मारण्यासाठी ती नव्हती. बिने १९११ मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेच्या जागी, ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या शाळेत, स्वित्झर्लंडचा एक तरुण संशोधक कामाला लागला. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने तयार केलेले प्रश्न पॅरिसच्या मुलांना विचारून बरोबर उत्तरांची सरासरी काढायची, हे त्याचे काम. तो कंटाळला. बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांत त्याला जास्त गंमत वाटू लागली. ठरावीक वयाची मुले ठरावीक तऱ्हेनेच का चुकतात? हा प्रश्न घेऊन १९२१ मध्ये तो जिनिव्हाला निघून गेला. त्याचे नाव जाँ पियाजे.

पॅरिसची ती खोली सोडून पियाजे गेला नसता तर बालमानसशास्त्र आज कुठे असते, हे सांगणे कठीण. पण मला कुतूहल आपल्याकडचे होते. बालमनाच्या प्रयोगशाळांत शिरून पुन्हा बाहेर पडलेली आपली मराठी माणसे पुढे कुठे गेली, त्यांनी काय केले? गंमत अशी की, त्यांतली बहुतेक आपल्यासारख्याच दुभाषी मुलखात सापडली.

पहिले नाव वा. वि. कामत. बिनेची मोजपट्टी अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये सुधारून घेतली होती. कामतांनी ती धारवाडच्या मुलखातील कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा निबंध १९३४ मध्ये इंग्लंडच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड प्रकाशनाने त्यांचे पुस्तक काढले. इथे थोडे थांबायला हवे. प्रश्नांचे नुसते भाषांतर करून असे काम होत नाही. इंग्रजीत सातव्या वर्षी येणारा शब्द मराठीत पाचव्या वर्षीच येत असेल, तर पट्टीवरची त्याची जागा बदलते. शेकडो मुलांपुढे बसून प्रत्येक प्रश्न पुन्हा जोखावा लागतो, आणि तोही दोन्ही भाषांत वेगवेगळा. कामतांनी एका प्रांतात राहणाऱ्या दोन भाषांच्या मुलांना एकाच भाषेच्या मापाने मोजले नाही. आमच्या साहेबांना हे कोणी सांगितले नसावे. बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशके देशभर वापरली गेली, मतिमंदत्वाच्या दाखल्यांसाठीसुद्धा. कामतांचे नाव मात्र चाचणीच्या जोडनावातच उरले.

दुसऱ्या नावाचा आणि आपला संबंध जवळचा आहे. ताराबाई मोडक या माहेरच्या केळकर, १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या. लग्न होऊन त्या आल्या आपल्या शेजारच्या अमरावतीला, यजमान तिथे वकील होते. ते लग्न टिकले नाही. पदवीधर बाई पदरी लहान मुलगी घेऊन राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी होती, पगारही चांगला. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाईही मूळचे वकीलच, माँटेसरीचे ग्रंथ वाचून वकिली सोडलेले. १९२० मध्ये सुरू झालेले ते बालमंदिर म्हणजे खऱ्या अर्थाने प्रयोगशाळा. मूल काय उचलते, किती वेळ रमते, कुठे कंटाळते, हे सारे बारकाईने पाहिले जाई. ताराबाईंनी तिथे गुजराती आपलीशी केली, गुजरातीत लिहिले, गिजुभाईंबरोबर 'शिक्षणपत्रिका' चालवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला.

मग त्या मुंबईला परतल्या. पत्रिका मराठीतही निघाली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरातले पालक खूश होते. इथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव झालेच असते. पण बालमंदिर हे पैसेवाल्यांच्या मुलांचे खेळणे झाले आहे, ही टोचणी त्यांना लागली असावी. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. तोही आपल्यासारखाच सीमेवरचा मुलूख, एका अंगाला गुजराती, दुसऱ्या अंगाला मराठी आणि मधे वारल्यांची बोली.

तिथे त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. मोरगावात १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या शिकल्या, चांदवडला मास्तरीण झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत वर्षानुवर्षे शिकवीत राहिल्या. १९४५ मध्ये कस्तुरबा न्यासाच्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि बाईंनी पुणे सोडले.

बोर्डीला पहिला धडा मुलांनीच दिला. बालवाडी उघडली, पण आदिवासी मुले येईनात. कशी येणार? धाकट्या भावंडाला सांभाळायचे, गुरे राखायची. तेव्हा ताराबाईंनी निष्कर्ष काढला की, मूल येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे. बाया पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, मग खेळ. माँटेसरीच्या महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, माती आली. मोजायला शिकायचे तर चिंचोके काही वाईट नाहीत! १९५७ मध्ये सारे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या, म्हणजे ताई तान्ह्याला पाळण्यात ठेवून पाटी धरू शकली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शिक्षक जाई.

'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच देशभर गेला, असे शिक्षणक्षेत्रात मानले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळाले. ताराबाई ते पाहायला नव्हत्या, १९७३ मध्येच त्या गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र टेकडी सोडली नाही. १९९२ मध्ये त्या वारल्या तोवर कोसबाड हेच त्यांचे घर होते.

तिसरे नाव सामान्य वाचकाला फारसे माहीत नसते, ते प्रमिला फाटक यांचे. बडोदे म्हणजे गुजरातीत बुडालेले मराठी संस्थान. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात त्यांनी तान्ह्या बाळांची वाढ मोजली. नॅन्सी बेली या अमेरिकन बाईंची मोजणी होती, पण अमेरिकन बाळाचे वेळापत्रक आपल्या बाळाला का लावावे? बडोद्याच्या बाळांवरून नवी प्रमाणे काढली गेली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या वाढीसाठी या मापात हालचालींच्या ६७ आणि मनाच्या १६३ बाबी आहेत. बाळ मान कधी धरते, घंटेकडे कधी वळते, ठोकळ्यावर ठोकळा कधी ठेवते, अशा. या मापाची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्याहून निघाली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, त्यातही हे माप कामी आले. मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याची समज जोखण्याची फाटकबाईंची रीतही आहे. मला तीच जास्त आवडते. तिथे फड्याला काय म्हणायचे हा प्रश्नच येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मात्र मध्य प्रदेशातच राहिले. घरी मराठी, शाळेत हिंदी, हे आपले तेव्हापासून चालू आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात सौंसरही आले आणि अर्थात आमचे मोहगावही.

गेल्या उन्हाळ्यात भावाच्या नातीला घेऊन मी आमच्याच आळीतल्या अंगणवाडीत गेलो होतो. ताई मुलांना चित्रे दाखवीत होती. केरसुणीचे चित्र आले. एक पोरगी 'फडा' म्हणाली, दुसरा 'झाडू'. ताई म्हणाली, 'बरं, अजून कोण काय म्हणतं?' मागून एका पोराने तिसराच शब्द काढला, तो मलाही ठाऊक नव्हता. ताईने तो वहीत लिहून घेतला आणि पुढचे चित्र वर धरले.