बापानंतर आई

जुन्या सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा दिसतो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. यातला ‘अज्ञान’ अडाणी नव्हे, अठरा पुरी न झालेला. बाप वारला, वारसनोंद लागली, जमीन लेकरांच्या नावावर चढली आणि पालनकर्ती म्हणून आई आली. मूल सज्ञान झालं की वयाचा पुरावा तलाठ्याकडे देऊन हा शेरा कमी करून घ्यायचा. ते राहून गेलं, तर नातवंडं झाली तरी माणूस कागदोपत्री अज्ञानच!

पण आईचं नाव तिथे यायला आधी बापाला जावं लागे, हा नियम तलाठ्याने केलेला नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १९ सांगत होतं की, बाप हयात असेल आणि नालायक नसेल, तर कोर्टाने दुसरा पालक नेमायचाच नाही. या ‘दुसऱ्या’त आईही आली. त्या कलमात बापाच्या जोडीला आईचा उल्लेख यायला २०१० साल उजाडलं.

मधे १९५६ साली हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला. त्याचं कलम ६ म्हणतं, नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र साधारणपणे आईकडे. म्हणजे रात्री-अपरात्री उठायचं ते आईने आणि सही करायची ती बापाने. गंमत पुढेच आहे. हा कायदा ऑगस्टमधला. त्याच वर्षी डिसेंबरात दत्तक व निर्वाह कायदा आला आणि त्याच्या कलम २० ने मुलांना पोसायची जबाबदारी आई-बाप दोघांवर टाकली. तिथे ‘नंतर’ नाही! चार महिन्यांच्या अंतराने त्याच संसदेने पोसण्यात आईला बरोबरीला घेतलं आणि हक्कात मागे ठेवलं.

या ‘नंतर’ला पहिला तडा गेला तो विदर्भातल्या जमिनीच्या एका वादात. जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या खटल्यात वडील हयात होते, पण वेगळे राहत. मुलीचा कारभार आईच बघायची. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला नैसर्गिक पालक मानलं. बाप होता, पण नसल्यासारखाच.

मग कादंबरीकार गीता हरिहरन. १९८४ मध्ये त्यांनी आणि पतीने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड मागितले. पालक म्हणून आई राहील, हे दोघांनीच कळवलं होतं. तरी बँकेने बापाची सही मागितली. निकाल लागला १७ फेब्रुवारी १९९९ ला, मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर. कोर्टाने कलम रद्द केलं नाही, ‘नंतर’चा अर्थ बदलला: बापाच्या मृत्यूनंतर असं नव्हे, त्याच्या गैरहजेरीत. तो लक्ष घालत नसेल किंवा दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तीही गैरहजेरीच. पळवाट चांगली निघाली, पण ती पळवाटच. जबाबदार बाप घरात हजर असेल, तर आईचा नंबर अजून दुसराच.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. १९५६ च्या कलम ६ मध्ये मात्र आजही बाप, आणि त्याच्यानंतर आई.