पिशवी

दिवाळीच्या जरा आधी दिग्रसहून मावशीचा फोन आला. वय बेचाळीस. वर्षभर दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जातंय, हिमोग्लोबिन सातावर आलेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या, सगळ्यात मोठी सात सेंटीमीटरची. "डॉक्टर म्हणते पिशवी काढून टाका, लेकरं झाली, आता तिचं काय काम? तू कॉम्प्युटरवर पाहून सांग ना पोरी, दुसरं काही असते का?"

मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. दोन वीकेंड गेले, आणि (नेहमीप्रमाणे) उत्तर शोधता शोधता मी इतिहासात जाऊन पडले. म्हटलं, लिहूनच काढावं.

तर, या गाठी म्हणजे फायब्रॉइड्स. गर्भाशयाच्या स्नायूतच वाढतात, बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात आणि पाळी कायमची थांबली की सहसा आक्रसतात. पहिलं ऑपरेशन चक्क चुकून झालं. १८४३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं, आत निघालं फायब्रॉइड्सनी भरलेलं गर्भाशय. ते काढलं, पण बाई वाचली नाही. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, अमेरिकेतल्या लोवेल गावात वॉल्टर बर्नहॅम यांची तशीच चूक झाली, फक्त या वेळी बाई जगली. त्याच वर्षी त्याच गावात गिलमन किंबॉल यांनी फायब्रॉइडसाठी ठरवून, जाणूनबुजून गर्भाशय काढलं. (अवांतर: लोवेल हे कापडगिरण्यांचं गाव. आमचा यवतमाळ कापसाचा जिल्हा. उगीच ओळखीचं वाटलं. :))

म्हणजे 'पिशवी काढणे' हा उपाय पहिला आला तो उत्तम म्हणून नव्हे. एवढंच करता येत होतं. रक्त थांबवायचं तर रक्ताचा उगमच काढा. आमच्या भाषेत, बग सापडत नाही म्हणून अख्खं मॉड्यूल डिलीट!

फक्त गाठ काढून गर्भाशय शिवून ठेवायचं, हे ऍटली बंधूंनी १८४० च्या दशकातच करून पाहिलं होतं. पण त्याला खरी प्रतिष्ठा दिली लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडमुळे तरुणपणीच काढावं लागलं, मूल झालं नाही. या माणसाने मग गर्भाशय वाचवण्यातच आयुष्य घातलं. एका बाईच्या गर्भाशयातून २२५ गाठी काढून ते जागेवर ठेवल्याची त्यांची नोंद आहे. गंमत म्हणजे पुढची अडचण आजही तीच आहे: गाठी काढल्या तरी नव्या येऊ शकतात.

मग दुर्बीण आली. १९८८ मध्ये हॅरी राइख यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढलं. छेद लहान, घरी लवकर. पण नीट पाहा, काढलं तर गर्भाशयच! "टाक्याशिवाय ऑपरेशन" अशा पाट्या वाचताना हे विसरायला होतं. आणि छोट्या भोकातून मोठी गाठ बाहेर काढायला तिचे तुकडे करणारं यंत्र वापरायचे. गाठीत लपलेला कॅन्सर असला तर तो पोटभर पसरतो, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्या यंत्राबद्दल इशारा दिला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पॅरिसची. जाक रॅव्हिना आणि सहकारी ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून आधी गर्भाशयाच्या धमन्या बारीक कणांनी बंद करत. झालं काय, ऑपरेशनची वाट पाहतानाच काही बायकांचा त्रास थांबला आणि ऑपरेशनची गरजच उरली नाही. १९९५ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. हे एम्बोलायझेशन: जांघेतून किंवा मनगटातून नळी, पोटावर छेद नाही, गाठीची रसद तोडायची.

मग तेच सगळ्यांनी करावं? नाही. नेदरलँड्सच्या एका चाचणीत एम्बोलायझेशन केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणींना दहा वर्षांत कधी ना कधी गर्भाशय काढावंच लागलं. दोन तृतीयांश वाचल्या, हेही तितकंच खरं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या २५४ बायकांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर फक्त गाठी काढलेल्यांचं जगणं एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा थोडं बरं निघालं. आणि ज्यांना पुढे मूल हवंय त्यांना सहसा एम्बोलायझेशनऐवजी गाठ काढणंच सुचवतात.

पण ही सगळी तुलना ज्यांच्यापुढे चार दारं उघडी आहेत त्यांच्यासाठी. आपल्या विदर्भात? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेही १९८९ सालीच. अमेरिकेत दुर्बीण गर्भाशयापर्यंत पोचली तेव्हा इथे बाई डॉक्टरपर्यंत पोचत नव्हती.

आणि पोचली तेव्हा काय मिळालं, ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पाळीत खाडा झाला तर दंड, डोक्यावर उचल, आणि डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती. तिथे फायब्रॉइड होता की नाही हा प्रश्नच कितींच्या बाबतीत विचारला गेला असेल? २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली.

असो. मावशीला काय सांगितलं? पिशवी काढू नकोस असं नाही सांगितलं, मी कोण सांगणारी! कागदावर चार प्रश्न लिहून दिले. गाठ नक्की कुठे आहे, आत की भिंतीत की बाहेर? कॅन्सर नाही हे तपासलं का? काढलीच पिशवी, तर अंडाशयं ठेवणार ना? (हा प्रश्न महत्त्वाचा, ती काढली तर म्हातारपण एका दिवसात दारात.) आणि एम्बोलायझेशन माझ्यासाठी चालेल का?

चौथ्या प्रश्नाला तिचे डॉक्टर म्हणाले, ते इथे होत नाही, नागपूरला विचारा. मावशी जरा चिडली, "मग आधी काऊन नाही सांगतलं?" सध्या लोहाच्या गोळ्या आणि रक्त कमी करणारं औषध सुरू आहे. नागपूरची तारीख घेतलीये, कापूस घरात आल्यानंतरची.