कुरासाओ : ऐतिहासिक स्थळे

व्हेनेझुएलाच्या उत्तर किनाऱ्यासमोर वसलेल्या व १६३४ मध्ये डचांनी स्पॅनिश अंमलातून हस्तगत केलेल्या या बेटाचे वास्तुवैभव मुख्यत्वे विलेमस्टॅट या राजधानीत एकवटले असून, सेंट ॲना खाडीच्या दोन तीरांवरील पुंडा व ओत्रोबांडा या तिच्या जुन्या पेठा १९९७ पासून जागतिक वारसा गणल्या जातात. खाडीच्या मुखाशी फोर्ट ॲम्स्टरडॅम हा किल्ला असून, राज्यपालांचे निवासस्थान व सरकारी कचेऱ्या त्यातच आहेत.

दोन्ही पेठांना जोडणारा क्वीन एमा पूल (१८८८) तराफ्यांवर तरंगतो व जहाज येताच समग्र एका अंगास सरकतो. पूर्वी त्यावर जकात पडे, मात्र अनवाणी पांथस्थास ती माफ असे. तेव्हा दरिद्री माणसे उसने जोडे घालून जकात भरीत आणि धनिक ते काढून हाती घेत, अशी आख्यायिका आहे, व मनुष्यस्वभाव पाहता ती अविश्वसनीय वाटत नाही.

१७३२ च्या मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल या ज्यू प्रार्थनामंदिराची भूमी वाळूने आच्छादिलेली आहे. सिनाईच्या मरुभूमीतील भ्रमंतीचे ते स्मरण होय असे कोणी मानतात, तर इबेरियातील धर्मछळाच्या काळी पावलांचा ध्वनी लपविण्यासाठी योजलेल्या युक्तीचे असे कोणी.

विलेमस्टॅटमधील इमारतींच्या सुंदर, रंगीत दर्शनी भागांमागे गुलामांच्या व्यापाराचे द्रव्य होते, ही गोष्ट प्रवासी सहसा विसरतात. पश्चिमेकडील क्निप येथील मळ्यात १७ ऑगस्ट १७९५ रोजी तुला या गुलामाने उठाव आरंभिला. तो पकडला जाऊन त्यास अत्यंत क्रूरपणे देहदंड देण्यात आला. कुरासाओतील गुलामगिरी १८६३ मध्ये संपुष्टात आली.