फ्रिज का गुणगुणतो?

कॉटन ग्रीनच्या परिसराचा इतिहास आपण कापूस, गिरण्या आणि संप यांच्या आधारे लिहितो; आवाजांच्या आधारे क्वचितच. कापसाचा बाजार १९२०च्या दशकात कुलाब्याहून शिवडीलगतच्या या जमिनीवर आला. पलीकडे लालबाग-परळच्या गिरण्या होत्या आणि साऱ्या वस्तीचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. साचेखात्यातल्या खडखडाटात कामगार हातवाऱ्यांनी बोलत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि तो आवाज ओसरला. यंत्राचा आवाज मात्र गेला नाही. तो चाळीतल्या खोलीत, ओट्याशेजारी येऊन बसला.

रात्री घर निजले की फ्रिज ऐकू येतो. घुरघुर काँप्रेसरची, आतली थंडी पुरेशी झाली की तो थांबतो आणि थांबताना किंचित हादरतो. 'टक्' होते ते थर्मोस्टॅटचे. खळखळ ऐकू येते ती बारीक नळीतून सुटून उकळणाऱ्या शीतकारक द्रवाची. आतले प्लॅस्टिक आकसताना कटकट वाजते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये तापलेल्या तारेवर थेंब पडून चुर्र होते. हे सारे नेहमीचेच. काँप्रेसर सुरू होऊ पाहतो, टक् करून पुन्हा गप्प होतो आणि असे वारंवार घडते, तेव्हा मात्र मेकॅनिकला बोलवावे.

पण 'नेहमीचे' म्हणजे अपरिहार्य नव्हे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार स्त्रीने नेमका हाच प्रश्न विचारला : फ्रिजला ही गुणगुण मिळाली कशी? कारण न गुणगुणणारा फ्रिजही होता. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली तो सिद्ध केला. त्यात मोटार नाही, काँप्रेसर नाही; ज्योतीच्या उष्णतेवर अमोनिया फिरतो आणि थंडी निर्माण होते. अमेरिकेत सर्वेल कंपनीने तो विकलाही. परंतु विजेच्या फ्रिजमागे जनरल इलेक्ट्रिकसारख्या धनाढ्य कंपन्या होत्या; संशोधन आणि जाहिरात या दोन्हींवर त्यांनी अमाप पैसा ओतला. कोवनबाईंच्या मते निकाल ठरला तो यंत्राच्या गुणापेक्षा या भांडवलावर. हे मत मला पटते, जरी मुके यंत्र वीज किंवा गॅस अधिक खाते हा आक्षेप अगदीच पोकळ नाही.

गोदरेजने १९५८ साली भारतीय बनावटीचा फ्रिज आणला तोवर हा झगडा बाहेर मिटला होता. आपल्याकडे आला तो काँप्रेसरच. (याच गोदरेजचा कुलपांचा कारखाना १८९७ साली लालबागेत सुरू झाला होता.) अमेरिकी घरात स्वयंपाकघर वेगळे, निजायची खोली वेगळी, गुणगुण दाराआड राहते. दहा बाय बाराच्या खोलीत तीच गुणगुण उशाशी येते. दिवसपाळीला जाणारा आणि रातपाळीहून आलेला जिथे आळीपाळीने झोपत, तिथे शांततेची किंमत कोणी ठरवायची, हे त्या कंपन्यांच्या हिशेबात असणे शक्यच नव्हते.

मुका फ्रिज अजून नामशेष झालेला नाही. अनेक हॉटेलांच्या खोल्यांत तो छोट्या कपाटात ठेवलेला असतो, कारण पाहुणा त्याच खोलीत झोपतो.