विवरणपत्र आणि खंड

१८६० साली जेम्स विल्सनने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. त्यामुळे कुलाबा जिल्ह्यातील आपल्या खोताला खंडाच्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरावे लागत नसे. कुळाचा खंड मात्र सुगीला चुकत नसे. अखेर १९३३ साली अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसणेच थांबविले. हाल सोसून हा संप १९३९ पर्यंत चालला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

आज मार्चअखेर वर्ष संपले की आपले उत्पन्न आपणच मांडून विवरणपत्र भरतो, आणि त्याचा कंटाळा करतो. आपल्या देण्याचा हिशेब आपल्या हाताने लिहिणे, हा मान त्या कुळांना नव्हता, एवढे आपण विसरू नये.