रोबोट कोणाच्या हातात? कोडिंग शिक्षणाचा इतिहास आणि आपली मुले



'पोटाला भाकरी नाही आणि यांना रोबोट हवाय' हे वाक्य आम्ही वैरागमध्ये अनेकदा ऐकले आहे. बोलणारे बहुतेक आपलेच लोक असतात आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण या युक्तिवादाचे उत्तर बाबासाहेबांनी १९४५ मध्येच देऊन ठेवले आहे. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली. यंत्रामुळे माणसाचे नुकसान होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ते मूठभरांच्या फायद्यासाठी राबवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. जनावरासारखे राबण्यातून सुटून विचार करायला फुरसत मिळायची असेल, तर यंत्र लागणारच. (मागे चला, साधे जगा, हा उपदेश नेहमी ज्यांच्या डोक्यावर पाटी नसते तेच का करतात, हा आमचा प्रश्न.)

बाबासाहेबांनी हे नुसते लिहिले नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही; विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने शिष्यवृत्ती द्यावी. त्याच्या १७ वर्षे आधी, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. म्हणजे आधी राहायला जागा, मग शाळा, मग तंत्रज्ञान. ही साखळी आपल्याच जिल्ह्यातून गेलेली आहे.

आता रोबोटचा इतिहास पाहू. मुलांसाठीची 'लोगो' ही संगणकभाषा १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झाली. ती करणाऱ्यांत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट होते. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. शाळकरी वयातच त्यांनी गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या निरक्षर काळ्या नोकरांसाठी रात्रीचे वर्ग भरवण्याचा प्रयत्न केला आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. कोडिंगच्या महागड्या जाहिरातींत ही गोष्ट कधी येत नाही.

लोगोबरोबर आले 'कासव'. जमिनीवर चालणारा छोटा रोबोट, पोटाला पेन लावलेला. मूल त्याला आज्ञा देते : दहा पावले पुढे, उजवीकडे ९० अंश वळ. हे चार वेळा केले की चौकोन उमटतो. मग त्रिकोण काढायचा ठरतो. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल ६० सांगते आणि कासव भलतीकडेच जाते. मग मूल स्वतः उठून जमिनीवर चालून बघते आणि त्याला कळते की वळायचे असते ते १२० अंश. भूमिती पाठ करून हे कळत नाही. शिवाय चूक झाली म्हणून छडी नाही, 'तुमच्याच्याने व्हायचं नाही' हा टोमणा नाही. आज्ञा तपासायची, दुरुस्त करायची, पुन्हा चालवायची. ज्या पोरांच्या आज्यापणज्यांनी फक्त हुकूम ऐकले, त्यांनी यंत्राला हुकूम देणे ही आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही.

भारतात शाळेत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ चा 'क्लास' प्रकल्प. सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. एवढ्या मोठ्या देशात अडीचशे! त्यात आपल्या वस्तीतल्या पोराचा नंबर किती लागला असेल ते सांगायला नको.

महाराष्ट्रात याहून वेगळे काम झाले ते पाबळला. पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरे तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम शिकत. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, ती अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. नापास म्हणून हिणवलेल्या मुलांच्या गावी जगातले अद्ययावत तंत्र आधी आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडची पाठ्यपुस्तके पुढे आणली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. तेव्हा गावात हे होत नाही, ही सबब चालणार नाही.

मग अडते कुठे? नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबचे नियम बघा. २०१६ पासूनच्या या योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांना रोबोटिक्स, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर. पण अर्ज करायचा तर दीड हजार चौरस फूट जागा, वीज, इंटरनेट, संगणक कक्ष आधीच हवा. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा तर दारातच अडते. त्याच २०१६ साली ब्रिटनमध्ये मायक्रोबिट नावाचे छोटे संगणक सातवीच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटले गेले. तिथे अर्ज नव्हता, स्पर्धा नव्हती. प्रत्येक मुलाच्या हातात एक.

लॅब मिळाली तरी प्रश्न संपत नाही. एका शाळेत आम्ही पाहिले, पाच जणांच्या गटात रोबोट दोघेच हाताळत होते. आपल्या वस्तीतली मुलगी वहीत निरीक्षणे लिहीत होती आणि शेवटी तिच्याकडे आले ते सुटे भाग मोजून पेटीत ठेवण्याचे काम. तिला कोणी नाही म्हटले नव्हते. जातीला आता तोंडाने बोलावेही लागत नाही.

म्हणून विहारातल्या रविवारच्या वर्गात सुरुवात खडूने करावी. फरशीवर चौकटी आखायच्या, एका मुलाने कासव व्हायचे, दुसऱ्याने आज्ञा द्यायच्या आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. याला एक रुपया लागत नाही. पण खडूवर समाधान मानायचेही कारण नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार टिंकरिंग लॅब करण्याची घोषणा झाली आहे. वैरागच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांत आपले पालक आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत लेखी विचारावे : आपल्या शाळेचा प्रस्ताव गेला का, नसेल तर कोणत्या अटीवर अडला? आणि जिथे लॅब आहे तिथे विचारावे, कपाटाची चावी कोणाकडे असते आणि गेल्या महिन्यात ते कितीदा उघडले?